डीपीचे तेल दुपारी चारला किती तापेल? आधीच हिशेब मांडण्याची रीत

मे महिना, जळगाव जिल्ह्यातला केळीचा पट्टा. खांबावर १०० केव्हीएचे, ११ केव्ही/४३३ व्होल्टचे रोहित्र, म्हणजे डीपीचा ट्रान्सफॉर्मर, आहे. त्यावर ५ अश्वशक्तीचे २४ पंप आहेत. सकाळी साडेआठला टाँग टेस्टर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजायचे यंत्र) लावला तर फेजला १८० अँपिअर दिसतात, दुपारी चारलाही तेवढेच. पण सकाळी आतल्या वाइंडिंगचा (तारेच्या वेटोळ्यांचा) सर्वांत तापलेला बिंदू, म्हणजे हॉटस्पॉट, ७० अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी तो १३५ च्या घरात जातो. अँपिअर तेच राहतात, तारेवरचा इन्सुलेशनचा कागद मात्र दुपारी जळत असतो. हा फरक अँमीटर दाखवत नाही, फ्यूजलाही कळत नाही. तो संगणकावर आधीच काढता येतो आणि त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेल किंवा लिब्रे ऑफिसची एक शीट पुरते.

इथे वापरलेली पद्धत आयईसी ६००७६-७ या आंतरराष्ट्रीय लोडिंग गाइडमधली (रोहित्रावर किती भार घालावा हे सांगणाऱ्या मानकातली) आहे. आपल्याकडे तीच आयएस २०२६ भाग ७ या भारतीय मानकात आहे. ही तेलात बुडालेल्या रोहित्रांसाठी आहे. ड्राय टाइपला, म्हणजे तेल नसलेल्या रोहित्राला, ती लावू नका.

उष्णता कुठून येते, कुठे जाते

कोअरमधली (लोखंडी गाभ्यातली) हानी, म्हणजे उष्णता होऊन वाया जाणारी वीज, पुरवठा चालू आहे तोवर सतत होते, भार असो वा नसो. वाइंडिंगमधली हानी प्रवाहाच्या वर्गाने वाढते. या दोन्हींची उष्णता तेल उचलते. तापलेले तेल हलके होऊन वर जाते, रेडिएटरमधून थंड होत खाली उतरते आणि पुन्हा वाइंडिंगकडे येते. पंप नाही, पंखा नाही. सगळा कारभार या आपोआप फिरणाऱ्या तेलावर चालतो.

म्हणून हिशेबात तीन पायऱ्या येतात. हवेच्या तापमानावर वरच्या थरातल्या तेलाची तापवाढ. त्या तेलापेक्षा वाइंडिंगचा हॉटस्पॉट किती वर, म्हणजे उतार. आणि या दोन्हींना लागणारा वेळ. तेलाला तास लागतात, वाइंडिंगला मिनिटे.

शीटच्या आधी आकडे गोळा करा

खरी मेहनत इथेच आहे. सूत्र चुकले तर लगेच लक्षात येते. चुकीचा आकडा मात्र गुपचूप बसून राहतो.

रोहित्र १०० केव्हीए असेल तर एलटी (४३३ व्होल्टच्या) बाजूचा पूर्ण भार प्रवाह १,००,००० ÷ (१.७३२ × ४३३) = १३३.३ अँपिअर. १८० अँपिअर म्हणजे भार गुणोत्तर १.३५. पंपांच्या अश्वशक्तीची बेरीज करून हे गुणोत्तर काढू नका. लाइनच्या टोकाला व्होल्टेज पडले की मोटर तेच काम करायला जास्त प्रवाह ओढते. शिवाय नोंदणीत ५ अश्वशक्ती आणि विहिरीवर साडेसात, असेही असते. तीनही फेज टाँग टेस्टरने मोजा.

दुसरा आकडा हानीचा. वितरण रोहित्रांच्या आयएस ११८० या मानकाच्या १९८९ च्या आवृत्तीप्रमाणे १०० केव्हीएला नो-लोड (कोअरची) हानी २६० वॉट आणि लोड (वाइंडिंगची) हानी १,७६० वॉट. असली रोहित्रे अजून पुष्कळ ठिकाणी खांबावर आहेत. हानी गुणोत्तर म्हणजे १,७६० ÷ २६० = ६.७७. आपल्या उदाहरणात हेच घेऊ.

२०१४ च्या आवृत्तीनंतर रीत बदलली. तिथे ५० टक्के आणि १०० टक्के भारावरच्या एकूण हानीची मर्यादा दिलेली असते. त्यातून वेगळे करायचे तर लोड हानी = (१०० टक्क्यांची हानी − ५० टक्क्यांची हानी) ÷ ०.७५, आणि नो-लोड हानी = १०० टक्क्यांची हानी − लोड हानी. इथे एक खड्डा आहे. हे गणित त्या रोहित्राच्या चाचणी अहवालातल्या मोजलेल्या आकड्यांवर करा, मानकातल्या मर्यादेवर नाही. लेव्हल २ ची (मानकातल्या कार्यक्षमतेच्या एका दर्जाची) मर्यादा ४७५ आणि १,६५० वॉट आहे. ती घातली तर नो-लोड हानी ८३ वॉट निघते आणि गुणोत्तर १९ च्या जवळ जाते. दोन्ही मर्यादा एकाच वेळी काठोकाठ गाठणारे रोहित्र कोणी बनवत नाही, त्यामुळे हा आकडा निव्वळ कागदी आहे.

रोहित्र एकदा जळून रिवाइंड होऊन (नवे वाइंडिंग घालून) आले असेल तर जुना अहवाल बाजूला ठेवा. तारेचा गेज आणि धातू दोन्ही बदललेले असू शकतात. अशा वेळी वर्कशॉपमध्ये दोन चाचण्या करून घ्या. नो-लोड चाचणीत एलटीला ४३३ व्होल्ट देऊन एचटी (११ केव्हीची बाजू) उघडी ठेवतात. शॉर्ट सर्किट चाचणीत एलटी शॉर्ट करून एचटीला कमी व्होल्टेज देतात. इम्पीडन्स (रोहित्राचा प्रवाहाला होणारा आतला अडथळा) साडेचार टक्के असेल तर पूर्ण प्रवाहासाठी, म्हणजे एचटीला ५.२५ अँपिअरसाठी, ४९५ व्होल्ट लागतात. हाताशी ४१५ व्होल्टच असतील तर ४.४ अँपिअर वाहतील. मोजलेल्या वॉटना (५.२५ ÷ ४.४) च्या वर्गाने, म्हणजे १.४२ ने गुणा. मग ७५ अंशांवर आणा: वाइंडिंग ॲल्युमिनियमचे असेल तर (२२५ + ७५) ÷ (२२५ + मोजतानाचे तापमान), तांब्याचे असेल तर २२५ च्या जागी २३५. स्ट्रे हानी (भरकटलेल्या चुंबकीय क्षेत्रामुळे होणारी) तापमानाबरोबर उलटी जाते, पण एवढ्या लहान रोहित्रात ती सोडून दिली तरी चालते.

तिसरा आकडा तापवाढीचा. टाइप टेस्टच्या (नमुना चाचणीच्या) अहवालात हीट रनचे, म्हणजे तापवाढ चाचणीचे, दोन आकडे असतात: वरच्या तेलाची तापवाढ आणि वाइंडिंगची सरासरी तापवाढ. समजा ते ४५ आणि ५२ आहेत. सरासरी तेल वरच्या तेलाच्या सुमारे ०.८ पट धरतात, म्हणजे ३६. वाइंडिंग आणि तेल यांतला फरक ५२ − ३६ = १६. वितरण रोहित्रासाठी हॉटस्पॉट गुणक १.१. म्हणून पूर्ण भारावरचा उतार १७.६ अंश.

उरलेले स्थिरांक गाइडमधून घ्या: तेलाचा घातांक ०.८, वाइंडिंगचा १.६, तेलाचा कालस्थिरांक (शेवटच्या तापवाढीच्या सुमारे ६३ टक्के गाठायला लागणारा वेळ) १८० मिनिटे, वाइंडिंगचा ४ मिनिटे आणि त्याला २ चा गुणक, म्हणजे ८. यातल्या १८० वर आंधळा विश्वास ठेवू नका. त्याकडे पुढे येऊ.

शीट मांडणे

वेळेची पायरी २ मिनिटांची ठेवा. पायरी सर्वांत लहान कालस्थिरांकाच्या निम्म्याहून मोठी नसावी. १५ मिनिटांची पायरी घेतली तर उताराचा स्तंभ वरखाली उड्या मारू लागतो आणि लोक रोहित्रात दोष शोधत बसतात. दोन दिवस चालवा, म्हणजे १,४४० ओळी होतात. निकाल दुसऱ्या दिवसाचाच वाचा. पहिल्या ओळीत तेलाचे तापमान अंदाजाने टाकावे लागते. ती चूक पहिल्या दिवसात धुऊन निघते.

स्तंभ डावीकडून उजवीकडे असे:

वेळ, तासांत.

हवा = ३६ + ८ × कोसाइन(१५ × (वेळ − १५)). कमाल ४४, किमान २८ आणि दुपारी तीनला शिखर, असा हा दिवस आहे. कोन अंशांत निघतो आणि एक्सेल रेडियन मागते, तेव्हा आतल्या संख्येला पाय (π) ÷ १८० ने गुणायला विसरू नका.

पुरवठा: चालू असेल तर १, बंद असेल तर ०.

भार: १.३५ किंवा ०.

स्थिर तापवाढ = पुरवठा × ४५ × ((१ + भार² × ६.७७) ÷ ७.७७)^०.८.

तेल = मागचे तेल + (२ ÷ १८०) × (हवा + स्थिर तापवाढ − मागचे तेल).

उतार = मागचा उतार + (२ ÷ ८) × (१७.६ × भार^१.६ − मागचा उतार).

हॉटस्पॉट = तेल + उतार.

झीज = २^((हॉटस्पॉट − ९८) ÷ ६). साध्या क्राफ्ट कागदासाठी ९८ अंशांना झीज १, म्हणजे तासाला तासाएवढी. दर ६ अंशांना ती दुप्पट होते. शेवटच्या स्तंभात झीज × २ ÷ ६० ची बेरीज करत जा. ती कागदाने प्रत्यक्षात किती तास आयुष्य खर्च केले ते सांगते.

पुरवठ्याचा स्तंभ बहुतेक जण गाळतात. कृषी फीडरवर वीज ८ तास येते आणि मग जाते. भार शून्य लिहिला पण पुरवठा चालूच धरला, तर सूत्र कोअरची हानी मोजत राहते आणि बंद पडलेल्या रोहित्रालाही जवळपास ९ अंश तापवाढ दाखवते. उलट सिंगल फेज चालू राहणाऱ्या फीडरवर पुरवठा शून्य धरणेही चूकच.

पुढे जाण्याआधी शीट तपासा. हवा ३० वर स्थिर करा, भार १, पुरवठा १, सुरुवातीचे तेल ३०. तीन तासांनी तेल ५८.४ च्या आसपास यायला हवे, पंधरा तासांनी ७४.७. भार ० करून पुरवठा १ ठेवला तर तेल शेवटी ३८.७ वर थांबायला हवे. या तीनपैकी एकही जुळले नाही तर कंसांत चूक आहे, बहुधा ०.८ घाताचा कंस.

काय दिसते

सकाळी ८ ते दुपारी ४ पुरवठा, भार १.३५. शीट साधारण असे सांगते:

सकाळी १० वाजता तेल ६७, हॉटस्पॉट ९६.
दुपारी १२ वाजता तेल ८८, हॉटस्पॉट ११६.
दुपारी २ वाजता तेल १००, हॉटस्पॉट १२८.
दुपारी ४ वाजता तेल १०६, हॉटस्पॉट १३५.

गाइडमधली नेहमीच्या चक्री भाराची मर्यादा तेलाला १०५ आणि हॉटस्पॉटला १२० आहे. दोन्ही ओलांडल्या. झीजेची बेरीज १४५ ते १५० तासांवर जाते. आठ तास पंप चालले आणि कागदाचे सहा दिवस गेले.

आता पुरवठा रात्री १० ते सकाळी ६ करा, बाकी काही बदलू नका. सकाळी ६ ला हॉटस्पॉट १२३ च्या जवळ येतो आणि झीज ५० तासांच्या आसपास. तेच पंप, तेवढेच अँपिअर, झीज एकतृतीयांश. याचा अर्थ शेतकऱ्याला रात्री पाणी भरायला लावा असा मुळीच नाही. विंचू-सापांत रात्री बांधावर जाणे काय असते हे ज्याला माहीत आहे तो तसे म्हणणार नाही. अर्थ एवढाच की दिवसाची पाळी देताना रोहित्राची क्षमता दिवसाच्या उन्हात मोजली पाहिजे.

मग किती भार चालेल? भाराचा आकडा एका सेलमध्ये ठेवा आणि गोल सीकला (हव्या उत्तरासाठी आकडा शोधून देणाऱ्या शीटमधल्या सोयीला) सांगा की चार वाजताचा हॉटस्पॉट १२० कर. उत्तर १.२ येते, म्हणजे १६० अँपिअर. त्या भाराला झीज दिवसाला २८ तासांच्या आसपास, जेमतेम सोसण्यासारखी. भार १ असेल तर चार तासांहूनही कमी. १ वरून १.३५, म्हणजे भारात ३५ टक्क्यांची वाढ आणि झीज चाळीसपट. वरिष्ठांपुढे रोहित्र वाढवून मागताना ही एक ओळ ठेवा.

पंप कमी करता येत नसतील तर कपॅसिटरचा प्रयोग शीटवर करून पाहा. पंपांचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या प्रवाहापैकी कामी येणारा भाग) ०.७५ वरून ०.९५ वर गेला तर १८० अँपिअरचे १४२ होतात, भार १.०७. चारचा हॉटस्पॉट १३५ वरून १०७ ते १०८ वर उतरतो. त्यासाठी ५ अश्वशक्तीच्या पंपाला २ ते २.५ केव्हीएआरचा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचे एकक) कपॅसिटर पुरतो, पण तो पंपापाशी आणि स्टार्टरच्या पुढे, मोटरच्या बाजूला जोडलेला हवा. स्टार्टरमध्ये बसवलेला कपॅसिटर जळाला की तारा कापून पंप तसाच चालवतात, तेव्हा हिशेबात धरण्याआधी टाँग टेस्टरने खात्री करा.

१८० मिनिटांचे काय

तेलाचा कालस्थिरांक नेमप्लेटवरच्या वजनांतून काढता येतो. उष्णता धारकता = ०.१३२ × कोअर-वाइंडिंगचे वजन + ०.०८८२ × टाकी आणि फिटिंगचे वजन + ०.४ × तेलाचे वजन. वजने किलोत घाला, उत्तर अंशामागे वॉट-तासांत मिळते. समजा वजने २५०, १३० आणि १४० किलो आहेत. बेरीज १००.५. कालस्थिरांक = १००.५ × सरासरी तेलाची तापवाढ ३६ × ६० ÷ एकूण हानी २,०२० = १०७ मिनिटे.

१८० आणि १०७ यांत खूप अंतर आहे. लहान रोहित्रात तेल कमी असते, ते लवकर तापते. शीटमध्ये १०७ टाका आणि चारचा हॉटस्पॉट पाहा: १४०. पाच अंशांचा फरक, म्हणजे त्या घडीची झीज जवळपास दुप्पट. शिवाय १४० च्या पुढे कागदात सुमारे २ टक्के ओलावा असेल तर वाफेचे बुडबुडे सुटू लागतात आणि इन्सुलेशन तिथेच फुटू शकते. ही झीज नव्हे, हा थेट स्फोटाचा धोका. तेव्हा वजने मिळत असतील तर १८० वापरू नका.

प्रत्यक्षाशी ताळा

थर्मामीटर पॉकेट असेल तर त्यात प्रोब आणि लॉगर ठेवा. नसेल तर तेलाच्या पातळीच्या किंचित खाली टाकीच्या भिंतीला थर्मोकपल चिकटवा आणि वरून कापसाचा व फॉइलचा थर द्या, नाहीतर तो ऊन मोजेल. हे काम फीडर बंद करून, अर्थिंग लावून, अधिकृत लाइनमननेच करायचे. जमिनीवरून इन्फ्रारेड गन मारायची तर रंगवलेल्या भागावर मारा. चकचकीत धातूवर ती भलतेच कमी तापमान दाखवते.

मोजलेली आणि शीटची रेघ एकाच आलेखावर काढा. आधी शेवटच्या दोन तासांतला फरक बघून ४५ हा आकडा जुळवा. मग पहिल्या तीन तासांचा चढ बघून कालस्थिरांक जुळवा. दोन्ही एकदम हलवले तर रेघ जुळेल पण आकडे खोटे निघतील. वीज गेल्यावरच्या उतरणीवरून कालस्थिरांक काढण्याचा मोह होतो, पण उष्णता बंद झाली की तेलाची फिरण्याची गती मंदावते आणि आकडा जास्त येतो.

शीटला न दिसणाऱ्या गोष्टी

सर्वांत वाईट म्हणजे तेलाची पातळी. गळती झाली, चोरी झाली आणि पातळी रेडिएटरच्या वरच्या तोंडाखाली गेली की तेलाचा फेरा तुटतो. रेडिएटर थंड, टाकी वरून तापलेली. हाताशी इन्फ्रारेड गन असेल तर ही खूण लगेच पटते. अशा रोहित्राला वरचे एकही सूत्र लागू होत नाही. आधी तेल भरा.

फेज असमान असतील तर तेलासाठी तिन्ही प्रवाहांच्या वर्गांची सरासरी घ्या, उतारासाठी सर्वांत मोठा फेज. २१०, १८० आणि १५० अँपिअर असतील तर तेलाचा भार १.३६ च येतो, पण भारी फेजचा उतार २८ वरून ३६ वर जातो.

एलटी बुशिंगच्या (तार टाकीबाहेर येते त्या इन्सुलेटरच्या) स्टडवर ॲल्युमिनियमचा लग (तारेच्या टोकाची पट्टी), मध्ये बायमेटॅलिक वॉशर नाही, नट सैल. ही उष्णता स्थानिक असते. ती बुशिंगचे गॅस्केट वितळवते, तिथून तेल गळते आणि मग गोष्ट पुन्हा पातळीवर येते. वीज आल्यावर ऑटोस्टार्टरवरचे सगळे पंप एकदम उठतात, तो धक्का मात्र सेकंदांचा असतो. तेल त्याने तापत नाही, पण फ्यूज उडतात आणि वाइंडिंगवर यांत्रिक ताण येतो.

रोहित्र बंद खोलीत किंवा पॅकेज सबस्टेशनच्या पेटीत असेल तर हवेच्या स्तंभात बाहेरचे नाही, खोलीतले तापमान घाला, तेही मोजून. झरोक्यांची जागा ठरवायची असेल किंवा वाइंडिंगच्या नेमक्या कोणत्या थरात हॉटस्पॉट आहे हे हवे असेल, तरच सीएफडीकडे (तेल-हवेच्या प्रवाहाचे संगणकावरचे अनुकरण) वळा. तिथेही हानी स्थिर आकडा म्हणून देऊ नका, तापमानाबरोबर वाढणारी द्या. ॲल्युमिनियमचे वाइंडिंग ७५ वरून १३५ अंशांवर गेले की त्याचा रोध २० टक्क्यांनी वाढलेला असतो. तेलाची चिकटाईही तापमानाप्रमाणे बदलती ठेवा, कारण तेल किती फिरणार हे तीच ठरवते. आणि सीएफडीच्या रंगीत चित्रातला वरच्या तेलाचा आकडा या शीटशी ताडून बघा. दोन्हींत दहा अंशांचा फरक असेल तर गणनेची जाळी बारीक करत बसण्याआधी सीमेवर दिलेला उष्णता-त्यागाचा गुणांक तपासा.